लाल फितीच्या केळी

आमच्या बागेतली एक वेलची केळ भर थंडीत पिवळी पडली तेव्हा माझ्या सासऱ्यांना वाटलं, पाट कुठेतरी फुटला असणार. "पाणी कमी पडलां असतलां," असं म्हणून त्यांनी फावडं घेतलं, पाटाची माती चोपली आणि पाणी तिच्या बुंध्याशी वळवलं. पण पाण्याने काही झालं नाही. खालची पानं देठाशी मोडली आणि खोडाभोवती लोंबत राहिली. मग वरची. शेवटी मधली सुरळी तेवढी हिरवी उभी होती आणि बाकी सगळी केळ वाळलेल्या पानांत गुंडाळल्यासारखी दिसत होती. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिच्या ओळीतल्या बहुतेक सगळ्या तशाच गेल्या.

मी सावंतवाडीची. माहेरी तळ्याजवळ आमचं छोटं घर होतं, मागे धुणं वाळत घालण्यापुरती जागा. लग्न होऊन मी मालवण आणि आचऱ्याच्या मधल्या या गावात आले तेव्हा मला माड आणि पोफळ यांतला फरक कळायचा, त्यापलीकडे काही नाही. नवरा जहाजावर. वर्षातले सहा-सात महिने तो समुद्रात आणि मी सासऱ्यांबरोबर बागेत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळे स्वयंपाक मी मला येतो तसा केला आणि बागकाम सासऱ्यांकडून, म्हणजे बाबांकडून, शिकले. पिलं कधी काढायची, घड कापायच्या आधी केळ्याच्या कडा कशा बोटाने चाचपायच्या, कोयता कसा धरला म्हणजे मनगट दुखत नाही, हे सगळं त्यांनी मला दाखवलं. ते मुळात कमी बोलणारे. पण केळीजवळ उभे राहिले की सैल व्हायचे.

आमची बाग घरापासून उतरत उतरत व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत जाते. वर माड, खाली पोफळी आणि मधल्या सगळ्या जागेत वेलची केळी. समुद्र दिसत नाही, टेकडी आड येते, पण वारा येतो आणि त्याला खारट वास असतो. आमची वेलची गावात प्रसिद्ध होती. बोटाएवढं केळं, कागदासारखी साल, आणि तोंडात घातलं की पहिल्यांदा गोड नि मग किंचित आंबट. मालवणच्या बाजारात केळी घेणारे एक व्यापारी होते, त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून दुकान. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो. ते दुसऱ्यांचे घड हाताने उचलून बघायचे आणि आमचे न बघता आत ठेवायचे. बाबा केळी विकत, पण पिल कधी विकलं नाही. कोणी मागितलं की बुंध्याशी फुटलेलं एखादं चांगलं पिल कंदासकट खणून त्याच्या हातात द्यायचे. गावातल्या कितीतरी घरांमागच्या परड्यांत आमचीच वेलची होती.

पुढे बाकीच्या ओळीही जात राहिल्या आणि भाईंकडे आमचे घड जायचे बंद झाले, त्यानंतर एक दिवस एक बाई बागेत आल्या. तिशीच्या असतील. पायात गमबूट, पाठीवर सॅक, गळ्यात ओढणी घट्ट गुंडाळलेली. केळीवर काम करणाऱ्या एका संशोधन केंद्रातून आल्या होत्या. बाजारात त्यांनी विचारलं होतं, वेलची कुठे कुठे मेली, आणि भाईंनी आमचं घर सांगितलं होतं. त्या मूळच्या जळगावकडच्या. बदली झाल्यावर आंबोलीच्या घाटातून एसटीने पहिल्यांदा खाली उतरल्या तेव्हा इतका पाऊस होता की रस्ता दिसत नव्हता, आणि इथे केळ जगते तरी कशी असा प्रश्न त्यांना पडला होता, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मला त्या आवडल्या. बाबांना नाही.

"आमची जमीन आजारी नाय," बाबा म्हणाले. कोणी तसं म्हटलं नव्हतं.

मॅडमनी वाद घातला नाही. वाळत चाललेली एक केळ दाखवून विचारलं, "ही कापू का?" बाबांनी मान हलवली. त्यांनी बुंध्याशी खोड आडवं कापलं. आत पांढऱ्या पाकळ्यांमधून तपकिरी तांबूस कडी गेली होती, जणू कोणी पेन्सिलीने गोल काढला. वास कुजका होता.

"ही बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "मातीत असते. मुळातून आत शिरते आणि पाणी वर जायची वाट बंद करते. म्हणून तुम्ही कितीही पाणी घातलं तरी केळ तहानलेलीच. केळ काढून टाकली तरी बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं राहते."

"औषध?"

"या जमिनीतून ती काढून टाकेल असं औषध नाही, बाबा. वाहत्या पाण्याबरोबर जाते, पायाच्या मातीबरोबर, कोयत्याबरोबर जाते. पिलांबरोबर तर हमखास."

बाबांनी हातातला कोयता खाली ठेवला. "पिलांबरोबर?" त्यांनी विचारलं. मग घराकडे चालू लागले.

मॅडमना काय करावं कळेना. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच होतं, ते त्यांनी मग मला सांगितलं. या बुरशीच्या मर रोगाला दाद न देणारे काही वाण त्यांच्याकडे होते. काही संकरित, काही दुसऱ्या राज्यांतून निवडून आणलेले. प्रयोगशाळेत आणि कोरड्या भागात ते टिकले होते. पण इथला पाऊस, इथली तांबडी आंबट माती, हा खारा वारा, यात ते टिकतील का हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यासाठी त्यांना आजारी जमीनच हवी होती. चांगल्या जमिनीत लावून काय कळणार?

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडले ते दुपारी आले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल गो माझ्यावांगडा." आम्ही व्हाळाच्या पलीकडे एका घरी गेलो. परड्यात तीन केळी वाळून उभ्या होत्या. घरची बाई ओशाळली. म्हणाली, "माका वाटलां, माझ्याच हाताक गुण नाय. म्हणान तुमका कळवलंय नाय."

"तुझ्या हाताचो दोष नाय," बाबा म्हणाले. उभेच होते. "पिलां माझ्याकडची. त्यांच्यातनाच इलो असतलो रोग. ह्या जाग्यार परत वेलची लावू नको. आणि ह्यो कोयतो दुसऱ्याच्या बागेत न्हेव नको."

"तुमका तरी खंय माहीत होतां?" ती म्हणाली. "बसा. चाय टाकतंय."

आम्ही चहा घेतला. बाबा अशा किती घरी जाऊन आले ते मी विचारलं नाही. रोग आमच्याकडून तिकडे गेला की तिकडून आमच्याकडे आला, की दोन्हीकडे पाण्याने आणला, हे मॅडमनाही सांगता आलं नसतं. पण बाबांनी ते स्वतःवर घेतलं होतं. घरी परत येताना ते व्हाळात उतरले, पाय घोट्यापर्यंत चोळून चोळून धुतले आणि म्हणाले, "त्या मॅडमीक फोन लाव. जमीन दितंय म्हणान सांग."

दसरा झाल्यावर लागवड झाली. मॅडमनी जमीन दोऱ्यांनी आखली. रोपं आली ती काळ्या पिशव्यांमधून, गुडघ्याएवढी, सगळी सारखीच दिसणारी. प्रत्येकीच्या काठीला रंगीत फीत. वाणांना अवघड नावं आणि आकडे होते, पण आमच्या घरात त्यांची नावं रंगांवरूनच पडली. निळी म्हणजे परदेशातून आलेला उंच संकरित वाण. पांढरी म्हणजे जळगावकडे शेतंच्या शेतं भरून लावतात ती. पिवळी म्हणजे दुसऱ्या किनाऱ्यावरून निवडून आणलेली, बेताच्या उंचीची. आणि लाल फीत म्हणजे आपली वेलची.

लाल फितीची रोपं बघून बाबांचा चेहरा खुलला. मॅडमनी मग समजावून सांगितलं. वेलची मधे मधे लावायची, कारण ती या रोगाला बळी पडते. तिच्यावरून कळेल की जमिनीत रोग कुठे किती आहे.

"म्हणजे ही मरतली?"

"बहुतेक."

"जी मरतली म्हणान ठावक आसा, ती लावची कित्याक?"

मॅडमनी पुन्हा समजावलं, जरा वेगळ्या शब्दांत. बाबांनी ऐकून घेतलं आणि लाल फितीचे खड्डे स्वतः खणले. बाकीचे मजुरांना खणू दिले. प्रत्येक खड्ड्यात शेणखत सारखंच पडावं म्हणून मॅडम घमेलं मोजून देत होत्या. लाल फितीच्या खड्ड्यात बाबा एक मूठ जास्त टाकतात हे मला दिसत होतं. मी पुढचं घमेलं त्यांच्याकडे सरकवलं.

सुरुवातीचे महिने सगळ्याच रंगांच्या केळी जोमाने वाढल्या. मॅडम पंधरवड्याने यायच्या. पानं मोजायच्या, खोडाचा घेर घ्यायच्या, आणि मी त्यांच्याबरोबर फिरता फिरता शिकत गेले. त्या नसल्या की मोजणी मी करायची. नवं पान कोणतं धरायचं, पिवळं कधी म्हणायचं आणि वाळलेलं कधी, याची मला इतकी सवय झाली की बाजारात जाताना एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या केळीचीसुद्धा मी पानं मोजायची.

होळीच्या सुमारास लाल फितीची एक केळ पिवळी पडायला लागली. मग शेजारची. आणि एके दिवशी मॅडम त्या ओळीत वाकल्या आणि थांबल्या.

"इथे हिंगाचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "आणि ही राख? हे पिवळं काय, हळद?"

बाबा पोफळीला टेकून उभे होते. "मांजरान सांडल्यान असतलां," ते म्हणाले.

मला हसू आवरेना, आणि मॅडमनाही. पण त्या हसून झाल्यावर तिथेच मातीत बसल्या आणि बाबांनाही बसायला सांगितलं. बाबा बसले.

"बाबा, या जगल्या तर मला आनंदच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही हिंग फक्त यांनाच घालताय. उद्या या जगल्या तर मी काय सांगू? जमिनीत रोग नव्हता असं लोक म्हणतील. मग ती पिवळी उभी आहे, ती निळी उभी आहे, त्याला काहीच अर्थ उरणार नाही. या मेल्या तरच त्या जगल्या असं म्हणता येतं."

बाबांनी त्या ओळीवरून नजर फिरवली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात केळी आसत?"

"वडलांच्या आहेत. एक वर्ष वेगळाच रोग आला, सगळी बाग उपटून जाळावी लागली. मी तेव्हा कॉलेजात होते. वडील महिनाभर शेतावर गेले नाहीत."

"आणि मगे?"

"मग गेले. दुसरं काय करणार?"

बाबांनी मातीतलं एक वाळकं पान उचललं, चुरगळलं. "बरां," ते म्हणाले. "ह्येंका हात लावचंय नाय. पण कडेच्या दोन माका दी."

मॅडमनी विचार केला आणि व्हाळाकडच्या टोकाची दोरी आत सरकवून तिथल्या दोन वेलची त्यांना दिल्या. त्यांची मोजणी होणार नव्हती. बाबांनी त्यांना काय हवं ते करावं. बाबांनी केलंही. ताक घातलं, निंबोळीची पेंड घातली, हिंग तर घातलाच. दोऱ्यांच्या आतल्या लाल फितींकडे मात्र त्यांनी पुन्हा बोट लावलं नाही. त्या एकेक करून वाळत गेल्या आणि रोज सकाळी बाबा त्यांच्या मधून चालत शेवटच्या दोघींपर्यंत जायचे. मला ते बघवायचं नाही. मोजणीच्या दिवशी मी "हीसुद्धा गेली" असं लिहून घेताना ते फक्त "होय" म्हणायचे.

पावसाळ्यात दुसरीच गंमत सुरू झाली. जमिनीतल्या रोगाला न घाबरणारी जळगावची पांढरी पावसाने हरवली. जुलैत तिच्या पानांवर बारीक रेघा आल्या, रेघांचे डाग झाले आणि गणपतीपर्यंत पानं कडेपासून करपून गेली. घड आले, पण पानं नसलेल्या केळीचे घड ते, केळी भरलीच नाहीत. मॅडम पावसात छत्री मानेत अडकवून ती पानं तपासत होत्या आणि स्वतःशीच म्हणत होत्या, "शेवटी आमच्याकडचीच हरली." बाबांनी ते ऐकलं. "तुमच्याकडे पाऊस पडता खंय?" ते म्हणाले. "तिका सवय नाय. तिचो काय दोष?"

आमची सगळ्यांची आशा निळीवर होती. ती माडाशी स्पर्धा करत वाढली होती. करप्याचा डागही क्वचित. आणि तिचे घड असे मोठे की आजूबाजूचे लोक बघायला यायचे. बाबांनी बांबूचे टेकू लावले होते. ऑगस्टच्या शेवटी दोन दिवस वारा सुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बागेत उतरलो तर निळी फीत चिखलात पसरलेली. काही मुळासकट उपटल्या होत्या, काही मधेच मोडल्या होत्या, टेकू घेऊन आडव्या. कच्च्या केळ्यांचे घड पाण्यात पडले होते.

"इतक्या मोठ्या घडाक ह्यां खोड खंय पुरतलां?" बाबा म्हणाले आणि एकेक घड उचलून बांधावर ठेवू लागले. त्या आठवड्यात आम्ही, शेजारी, देवळातले पुजारी, सगळ्यांनी कच्च्या केळ्यांचे काप तळून खाल्ले. कापांना मात्र ती उत्तम होती.

मॅडम आल्या तेव्हा मला वाटलं त्या रडतील. त्यांनी पडलेल्या केळी मोजल्या. मग म्हणाल्या, "रोग नाही झाला हिला. पण या किनाऱ्यावर वाऱ्याने पडणं म्हणजे नापासच. आपण वाण रोगासाठी नाही शोधत, जागेसाठी शोधतोय."

पिवळी उभी होती. तिच्याकडे तोपर्यंत कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. ती हळू वाढली होती, घड उशिरा टाकत होती, पानांवर डागही होते. पण पानं गळली नव्हती. वारा आला तेव्हा ती वाकली होती आणि परत सरळ झाली होती.

चतुर्थीला बाबांच्या दोन वेलचींपैकी एकीने छोटा घड दिला. खोड तोपर्यंत फुटायला लागलं होतं, शेवटची दोन पानं शिल्लक. बाबांनी तो घड गणपतीवर टांगलेल्या माटवीच्या चौकटीला बांधला, नारळ, काकडी आणि रानातल्या फळांच्या मधे. दिवाळीच्या आत त्या दोन्ही केळी मेल्या. बाबांनी त्या स्वतः खणल्या, तुकडे केले आणि तिथेच जाळल्या. मॅडमनी फोनवर विचारलं तर म्हणाले, "माझ्या औषधान महिनो दोन महिने जास्त जगली. तितक्याच."

पिवळीचे घड कापून झाल्यावर शेवटची तपासणी होती. बाहेरून चांगली दिसणारी केळसुद्धा आतून रोगट असू शकते. म्हणून शेजारची पिलं जमिनीत तशीच ठेवून प्रत्येकीचा मूळ कंद खणायचा आणि मधोमध कापून बघायचा. बाबा म्हणाले, मी कापतो. कोयता आधी जंतुनाशक औषधाच्या पाण्यात बुडवून घ्यायचा, प्रत्येक कंदानंतर पुन्हा बुडवायचा. आम्ही तिघं ओळीच्या टोकाशी उकिडवे बसलो होतो.

पहिला कंद दुभंगला. आत पांढरा. सोललेल्या सुरणासारखा पांढरा आणि रसाने ओला. दुसराही. बाबांनी तिसरा कापला आणि थांबले. मधे तपकिरी ठिपके होते.

"हेच्यात आसा," ते हळूच म्हणाले.

मॅडमनी कंद हातात घेतला, फिरवून पाहिला. "आहे," त्या म्हणाल्या. "पण कडेला थांबलाय. वर गेलेला नाही. बाबा, रोग तिला शिवतच नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं. शिवतो. पण ती त्याला आत येऊ देत नाही. घड देऊन उभी राहते. आपल्याला तेवढंच हवं आहे."

पुढचे कंद बहुतेक स्वच्छ निघाले. काहींत तसेच ठिपके होते. काम संपलं तेव्हा मॅडमच्या कोपरापर्यंत केळीचा चीक लागला होता, आणि तो कपड्यांवर पडला की जात नाही हे त्या केळीच्या मुलखातल्या असूनही विसरल्या होत्या. ओढणी कायमची काळी झाली. त्या हसत होत्या.

पण केळ जगली म्हणून लोक ती खातील असं नाही. म्हणून देवळाच्या सभामंडपात चव बघायचं ठरलं. मी पत्रावळ्यांवर तुकडे करून ठेवले, कुठलं कोणतं ते खाणाऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. सावंतवाडीकडून, जिथे रोग अजून पोचलेला नव्हता तिथून, ताजी वेलची आणि बाजारातून जळगावची केळीही मागवली होती. गावातले वीस-पंचवीस जण आले, बायका जास्त. सगळ्यांनी डोळे मिटून वेलची ओळखली आणि तिलाच पहिला नंबर दिला. त्यात नवल काहीच नव्हतं. पण दुसरा नंबर पिवळीचा आला. एका आजीबाईंनी तर तिचे दोन तुकडे जास्त घेतले आणि सांगितलं, शिऱ्यात हीच चांगली, विरघळून जात नाही.

बाबा शेवटी आले. पिवळीचा तुकडा त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला.

"ह्यां केळां बरां आसा," ते म्हणाले. "वेलची म्हणशात तर वेलची नाय. पण माणूस ह्यां खाल्ल्यावर दुसरां मागतलो."

मॅडमनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

भाईंकडे आम्ही दोन घड पाठवले होते. त्यांनी ते आपल्या गोदामात पिकवले आणि चार दिवसांनी फोन केला. "पिकूक वेळ घेता," ते म्हणाले, "पण पिकल्यावर घडातसून सुटना नाय. साल जाड, म्हणान लांब जातला. वेलची पेटीत घातली की संध्याकाळपर्यंत काळी पडता, ह्यां तसां नाय. गिऱ्हाईक पहिल्यांदा नाक मुरडतला. दुसऱ्यांदा आपणहून येतला. पुढचे घड कधी देतास?" इतके दिवस रिकामी राहिलेली आमच्या घडांची खुंटी त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली नव्हती, हेही बोलता बोलता कळलं.

बातमी गावात पसरली आणि लोक पिलं मागायला येऊ लागले. हे बाबांना सगळ्यात अवघड गेलं. पिवळीच्या बुंध्याशी छान पिलं फुटली होती, पण ती आमच्या मातीत वाढलेली. केळ टिकली तरी तिच्या मुळांबरोबर बुरशी दुसऱ्याच्या परड्यात जाणारच. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला पिल नाकारलं नाही, तो बागेच्या दगडी गडग्यापाशी उभा राहून आपल्याच चुलतभावाला सांगत होता, "पिल मी दिवचंय नाय. रागावलंस तरी चलात. केंद्रातली रोपां येतली, ती लाव." चुलतभाऊ खरंच रागावला. दोन महिने आमच्याकडे आला नाही. मग मॅडमनी पिशव्यांतली स्वच्छ रोपं आणली, तेव्हा बाबा त्यातली पहिली पाच स्वतः डोक्यावरून त्याच्या घरी घेऊन गेले आणि जेवूनच परत आले.

आता आमच्या मधल्या जागेत पिवळी आहे. दुसऱ्या फेरीचे घड पहिल्यापेक्षा चांगले आले. दोन केळी मेल्या, बाकीच्या उभ्या आहेत. हे सगळं मॅडमना मी कळवत असते. त्यांची बदली अजून झालेली नाही, आणि ती होऊ नये म्हणून आमच्या गावातल्या बायका देवाला सांगत असतात हे त्यांना माहीत नाही. नवरा सुट्टीवर आला की विचारतो, वेलची कधी? मी त्याला बाजारातून आणून देते.

या वर्षी मॅडमनी आजूबाजूच्या आणखी काही बागांत हाच वाण लावून बघायचं ठरवलं, आणि मोजणीचं काम मला दिलं. मी स्कूटी चालवायला शिकले. बाबा मागे बसतात, एका हाताने माझा खांदा धरून आणि दुसऱ्या हातात औषधाच्या पाण्याची बाटली. शेतकरी जमले की मॅडम बाबांना बोलायला सांगतात. सुरुवातीला ते ऑफिसातल्यासारखं मराठी बोलायचा प्रयत्न करतात, दोन वाक्यांत अडकतात आणि मग मालवणीत सुटतात. पाय धुवा, कोयता धुवा, दुसऱ्याचं पिल आणू नका. लोक ऐकतात, कारण ज्याची बाग गेली तो माणूस सांगतोय.

गेल्या आठवड्यात आम्ही आचऱ्याकडे खाडीच्या काठच्या एका बागेत गेलो. तिथे भरतीचं पाणी आत येतं आणि उन्हाळ्यात मातीवर मिठाची पांढरी झाक दिसते. बागेची मालकीण माझ्याच वयाची, कंबर खोचून उभी. तिने मला विचारलं, खाऱ्या जमिनीत ही केळ टिकेल का?

"माहीत नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे खारं पाणी येत नाही. म्हणून तर इथे लावायची आहे."

"कधी कळतलां?"

"पुढच्या पावसानंतर थोडं. नक्की कळायला दोन वर्षं."

तिने खाडीकडे पाहिलं. ओहोटी लागली होती, बगळे चिखलात उतरले होते. बाबा तोवर पायातल्या वहाणा काढून बाटलीतलं पाणी पायांवर ओतत होते.

"बरां," ती म्हणाली आणि कुदळ उचलली. "खड्डो किती खोल होयो?"